बाप निश्चल उभा राहतो

नाटकाच्या सामानाची यादी मी जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे लिहायचे, कारण तो कागद जाड असतो आणि घामाने विरघळत नाही. त्या वर्षीच्या यादीत काठी एक, पांढरी मिशी एक, मिशी चिकटवायचा डिंक, ट्रंक, पत्रं दोन (त्यातलं एक फाडायला) आणि कंदील असं सगळं होतं. शेवटी लाल पेनाने एक ओळ होती : ‘सासरे – स्वतःची मिशी काढणे.’ यात मला तेव्हा काहीही गमतीचं वाटलं नव्हतं. काम होतं, ते लिहून ठेवलं.

आमचं गाव सापगावच्या पुढे, शहापूरहून रिक्षाने जेमतेम वीस मिनिटांवर. मी मूळची टोकावड्याकडची, लग्न होऊन इकडे आले. इथे गावदेवीच्या जत्रेला गावातलीच माणसं नाटक करायची आणि ते शाळेतले गुरुजी लिहायचे. नाव दरवर्षी वेगळं, गोष्ट मात्र एकच. पहिल्या अंकात बाप मुलाला घराबाहेर काढतो, दुसऱ्या अंकात दोघं दोन ठिकाणी बसून रडतात, तिसऱ्या अंकात मुलगा परत येऊन बापाच्या पाया पडतो. एका वर्षी गुरुजींनी धाडस करून मुलाला परत आणलंच नाही, तर पडदा पडल्यावरही लोक जागचे उठेनात. पुढच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली, “पोरगा येऊं दे, मंग आमी जातू.” गुरुजींनी पडदा पुन्हा उघडायला लावून मुलाला दोन मिनिटांसाठी आणलं, तेव्हा कुठे मंडळी घरी गेली.

या नाटकांतला मुलगा म्हणजे हिरो, आणि हिरो म्हणजे आमचे सासरे. मी लग्न होऊन आले तेव्हा त्यांनी पन्नाशी ओलांडली होती आणि गेली बावीस वर्षं ते दर चैत्रात पंचवीस वर्षांचे होत होते. त्यांचा खरा मुलगा, म्हणजे माझा नवरा, तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा. तो नऊ वर्षं पडदा ओढत होता. हिरोची सगळी भाषणं त्याला पाठ होती. भात झोडताना तो ती म्हणायचा, आणि बरी म्हणायचा. पण हिरोची जागा रिकामी नव्हती.

त्या वर्षी दोन गोष्टी झाल्या. बापाचं काम करणारे गृहस्थ मुलीकडे मुरबाडला राहायला गेले. आणि प्रॉम्प्टिंग करणाऱ्याला कंपनीत दुसरी पाळी लागली. बैठक देवळात होती. सासऱ्यांनी बसल्या बसल्या दोन्ही प्रश्न सोडवले.

“बापाचं काम आमचा पोरगा करंल. उंची हाय. आनं वाचायला सून बसंल. बारावी झालीय, याद्या करती.”

गुरुजी जरा चाचरले. “म्हणजे तुम्ही मुलगा आणि तो बाप?”

“मंग? बापाला डायलॉग किती असतात? आठ. तेवढं जमंल त्याला.”

कोणी तरी हळूच म्हणालं की सासऱ्यांनी बाप व्हावं, मुलाने मुलगा. सासऱ्यांनी ते ऐकलंच नाही. त्यांना जे ऐकायचं नसे ते ऐकू येत नसे, बाकी कान उत्तम.

माझी अडचण वेगळी होती. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि त्यांच्यासमोर सून मोठ्याने बोलत नाही. आता मला त्यांना ‘तू माझा बाप नाहीस’ असलं सगळं सांगायचं होतं, तेही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. सासूबाईंनी तोडगा काढला. “तू परद्याच्या आड हायस ना? मंग समोर कुठं हायस? वाच बिनधास.” त्याप्रमाणे मी विंगेत, म्हणजे दोन सतरंज्यांच्या फटीत, डोक्यावर पदर घेऊन बसू लागले.

पहिल्याच दिवशी मला कळलं की मामांना एकही वाक्य पाठ नसतं. बावीस वर्षं ते विंगेतून येईल ते उचलत आले होते, आणि इतक्या सफाईने की कोणाला शंका येऊ नये. वाक्य माझ्या तोंडून निम्मं बाहेर पडलं की ते त्यांच्या तोंडून पूर्ण निघायचं. एकदा मला शिंक आली. त्यांनी तिथे हुंदका दिला आणि गुरुजी म्हणाले, फार छान, हे ठेवा.

नवऱ्याचं उलट. आठही वाक्यं पाठ, पण तोंडातून निघेनात. ‘माझ्या घरातून चालता हो’ हे वाक्य तो मामांच्या खांद्यावरून देवळाच्या खांबाला सांगायचा. घरी सराव म्हणून त्याने ते बैलाला सांगून पाहिलं. नेमका बैल सुटा होता आणि फार समजूतदार. तो उठला आणि गेला. शेजारच्या वाडीतून त्याला परत आणेपर्यंत दुपार झाली. सासूबाई म्हणाल्या, “बैलानं आयकलं, आता बापाला सांग.”

खरी गाठ तिसऱ्या अंकात होती. मुलगा परत येतो आणि बापाचे पाय धरतो. गुरुजींच्या वहीत पुढे कंसात लिहिलं होतं : बाप निश्चल उभा राहतो, मग मुलाला उठवतो. म्हणजे मामांनी सगळ्या गावादेखत स्वतःच्या मुलाचे पाय धरायचे आणि त्याने ते धरू द्यायचे. तालमीत मामा वाकले की नवरा मागे सरकायचा. मामा एक पाऊल पुढे, हा एक पाऊल मागे. एकदा असं करत दोघं देवळाबाहेर पायरीपर्यंत गेले.

“हालतंस कशाला रे?”

“पाप लागंल, बाबा.”

“नाटकात पाप नाय लागत. आठ दिवस तू माझा बाप हायस, बापासारा ऱ्हा.”

“मला नाय जमनार. तुमी तिथं फक्त नमस्कार करा.”

मामांनी कंबरेवर हात ठेवले. मग म्हणाले, “आयक. जत्रंच्या दिशी जागंवरून हाल्ला नाय, तर पुढच्या वर्षी हिरो तू. हाल्ला, तर जलमभर परदा ओढ.”

देवळात पंधरा माणसं होती. सगळ्यांनी ऐकलं. नवऱ्याच्या तोंडावर असा काही उजेड आला की मला सतरंज्यांच्या फटीतून दिसला.

त्यानंतरचे आठ दिवस आमच्या घरात निश्चल उभं राहण्याचा सराव चालला. तो ओट्यावर काठी घेऊन उभा राहायचा आणि मी त्याच्या पाया पडायचे. माझ्या पाया पडण्याने तो मुळीच हलत नसे, त्याची सवय होती त्याला. मग मी सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “मी पाया परले तर तो हिमालयात जाईल.”

दर वर्षी मामा मिशीला काळं लावून भागवायचे, पण यंदा समोरचा बाप निम्म्या वयाचा, म्हणून जत्रेच्या आदल्या दिवशी ते शहापूरला जाऊन मिशीच काढून आले. केस काळे करून आले ते वेगळंच. आमच्याकडे बापा-भावाचं काही झालं तरच पुरुष मिशी उतरवतो. तेव्हा ते रिक्षातून उतरले तशा सासूबाई मटकन खाली बसल्या आणि म्हणाल्या, “कोण गेला?” घरापर्यंत येताना तीन माणसं तोंड पाडून मागोमाग आली होती. त्यांना चहा देऊन परत पाठवलं. माझ्या यादीत लाल पेनाने लिहिलेलं होतं, पण सासूबाईंना वाचून दाखवायचं राहिलं. तेवढी चूक माझी.

त्या दिवसांत लोडशेडिंग एवढं होतं की नाटक दुपारी चारला ठेवलं. उजेड फुकट, पण पश्चिमेचं ऊन थेट रंगमंचावर. ताडपत्रीखाली सगळं गाव, डोळखांबच्या पाड्यांवरून उतरलेले पाहुणे आणि आइस्क्रीमवाले दोन. पहिला अंक सुरू झाला. ‘चालता हो’ जवळ आलं तसा नवरा पुन्हा मांडवाच्या खांबाकडे बघायला लागला. मामांनी त्याच्याकडे तोंड करून, प्रेक्षकांना ऐकू जाणार नाही असं म्हटलं, “आवाज कुठं गेला? बायकोच्या पदराखाली?”

हे वहीत नव्हतं. पण त्याने काम झालं. नवरा असा गरजला की आइस्क्रीमवाल्याची घंटा थांबली. “माझ्या घरातून चालता हो.”

पहिल्या रांगेतून सासूबाई उठून उभ्या राहिल्या. “बापाला असा बोलतंस? लाज नाय वाटत?”

मामांनी पाठ न फिरवता नुसती मान वळवली. “बस गो खाली. मी त्याचा पोरगा हाय.”

“मंग माझा कोण?”

याचं उत्तर मामांना माझ्याकडून मिळालं नाही, कारण माझ्याकडेही नव्हतं. ते ट्रंक उचलून निघून गेले. टाळ्या इतका वेळ चालल्या की दुसऱ्या अंकाचा कंदील लावून विझून गेला.

तिसऱ्या अंकापर्यंत सूर्य खाली आला आणि ऊन सरळ नवऱ्याच्या तोंडावर पडू लागलं. पांढऱ्या मिशीचा डिंक पातळ होऊन एक बाजू लोंबायला लागली. तो वरचा ओठ नाकाला लावून ती कशीबशी धरून होता, त्यामुळे बाप फार रागात दिसत होता. हे बरंच झालं. मामा आले. त्यांनी माझ्याकडून घेतलेलं भाषण संपवलं आणि मग स्वतःच्या मनाने आणखी तेवढंच केलं. शेवटी वाकायला लागले.

मला नवऱ्याचे पाय दिसत होते. अंगठे जमिनीत रुतवल्यासारखे. पण टाचा उचलायला लागल्या होत्या. नऊ वर्षं पडदा ओढणाऱ्या माणसाचं पुढचं सगळं आयुष्य त्या टाचांवर आहे हे मला ठाऊक होतं. मला राहवलं नाही. मी वहीतलं सोडून म्हटलं, “हलू नका.”

विंगेतून आलं ते मामांनी उचललं. सगळ्या गावाला ऐकू जाईल असं म्हणाले, “हलू नका.” आणि वाक्य अर्धवट वाटलं म्हणून स्वतःची भर घातली, “बाबा, हलू नका.”

सख्ख्या बापाने बाबा म्हटल्यावर नवरा संपला. त्याने काठी टाकली आणि मामांचे हात पोचायच्या आत तोच खाली वाकला. दोन डोकी आपटली, नारळ फुटावा तसा आवाज आला. मिशी सुटली आणि मामांच्या काळ्या केसांवर जाऊन बसली. नवऱ्याने मामांचे पाय धरले, मामांनी त्याचे. कोणीच सोडेना.

“तू ऊठ,” मामा खालून म्हणाले.

“तुमी आधी.”

“अरे, वहीत तू मला उठवतंस.”

“मंग पाय सोडा की, बाबा.”

पडदा ओढायला त्या वर्षी नवा माणूस होता. बाप मुलाला उठवेल तेव्हा ओढायचा, एवढंच त्याला सांगितलेलं. तो इमानाने वाट बघत राहिला. लोक आधी हसत होते, मग डोळे पुसायला लागले, मग दोन्ही एकदम. पुढच्या रांगेतून कोणी तरी म्हणालं, “दोघं पन उठा रे, चाय निवतीय.” शेवटी गुरुजी धावत आले आणि त्यांनीच पडदा ओढला.

गाव खूश झालं. गावदेवीसमोर एवढं नाटक कधी रंगलं नाही असं जो तो सांगत होता. मामा मात्र आठ दिवस मुलाशी बोलले नाहीत. समोरासमोर जेवायला बसून मला म्हणायचे, “त्याला सांग, मीठ दे.” मी सांगायचे, तो मीठ माझ्याकडे द्यायचा, मी मामांना द्यायचे. दारात कोणी येऊन पाया पडायच्या प्रसंगाचं कौतुक केलं की मामा उठून गोठ्यात जायचे. “पार माती केली,” एवढंच म्हणायचे. “एकाच जागंव उभा ऱ्हायाचा होता. गाईचा खुटा पन उभा ऱ्हातो.”

नवऱ्याने वाद घातला नाही. हललो ते हललो, म्हणाला. पुढच्या वर्षी होळी झाली आणि नाटकाची बैठक ठरली, तेव्हा त्याने शहापूरहून पडद्यासाठी नवी दोरी आणली, आठ मीटर, नायलॉनची. बैठकीत ती गुंडाळी मांडीवर घेऊन मागे दाराजवळ बसला. मी पुढे वही घेऊन. गुरुजींनी नाटकाचं नवं नाव सांगितलं. गोष्ट सांगायची गरज नव्हती.

“लिहा, मुलगा,” गुरुजी म्हणाले आणि सवयीने मामांकडे बघितलं.

मामांनी मिशीवरून हात फिरवला. वर्षभरात ती पुन्हा भरली होती, बरीचशी पांढरी. “माझा काय म्हननं नाय,” ते म्हणाले. “त्याच्या पाया पराला माझी अजून तयारी हाय. पन तो उभा ऱ्हात नाय, त्याला मी काय करू? दर वर्षी डोकी फोडून घ्याची का? कुनीतरी उभा ऱ्हायाला पायजे. मी ऱ्हातो.”

गुरुजींनी मला खूण केली आणि मी मुलाच्या पुढे नवऱ्याचं नाव लिहिलं. त्याचं नाव मी कधी तोंडाने घेत नाही, लिहायला हरकत नसते.

मागे दाराजवळ दोरीची गुंडाळी खाली पडून उलगडत गेली. नवरा उठून पुढे आला. आणि सरळ वाकायलाच लागला.

“थांब,” मामा म्हणाले. ते उठून उभे राहिले, खांबाला हात टेकून पाय नीट जुळवले. “डाव्या अंगानं ये. आनं जपून धर. उजव्या गुडघ्यात दोन वर्सा झाली वात हाय.”