चाखायला मी, वाढायला दुसरा

“तुझा चमचा घरून आण,” बंदोबस्ताचा साहेब म्हणाला. “आणि चाखून झालं की मागच्या दारानं बाहेर हो.”

भटारखान्यात चौदा माणसं होती. सगळी माझ्या हाताखालची. सगळ्यांनी ऐकलं.

लातूर जिल्हा नुकताच झाला होता. राज्यपाल दुष्काळ बघायला आले होते, मुक्काम तीन दिवस विश्रामगृहात. तेवढे दिवस तेच राजभवन आणि तिथल्या नोकरांचा मुकादम मी. औशाच्या बौद्धवाड्यातला. हंगामी. कायम करण्याची ऑर्डर याच साहेबाच्या टेबलावर पडलेली. आमच्या वाड्यात चार दिवसांआड टँकर यायचा. इथं हिरवळीला रोज दोन. दुष्काळ बघणाऱ्याला हिरवळ लागते.

नियम असा होता : ताट बाहेर जाण्याआधी मुकादमानं प्रत्येक पदार्थ चाखायचा. पंधरा मिनिटं थांबायचं. मेला नाही, तर सही करायची. सहीशिवाय ताट हलत नाही.

वाढायला मी गयाबाईचं नाव लिहिलं होतं. आमच्याच वाड्यातली. हात नेटका, थेंब सांडत नाही. साहेबानं नाव खोडलं.

“तुमची माणसं मोरीला. ताटाला आपली.”

आपली! हाच इसम जयंतीला निळा फेटा बांधून समतेवर तासभर बोलून गेला होता.

“मग चाखायला कोण?”

“तूच. नियम हाय तसा.”

म्हणजे विष माझ्या पोटात चालतं. माझ्या माणसाच्या हातानं मात्र अन्न बाटतं.

मोरीत फडकं पिळता पिळता गयाबाई म्हणाली, “चाख की रं बाबा. मेलास तर साहेबाला सुतक न्हाई.”

मला हसू आलं. हसता हसता डोकं लख्ख झालं. मी घरून आणलेला चमचा खाली ठेवला.

“गयाबाई वाढणार असली तर चाखतो, साहेब.”

“ऑर्डर विसर मग.”

“विसरलो.”

बाहेर राज्यपाल जेवायला बसले होते. साहेब त्याच्या ‘आपल्या’ माणसांकडे वळला. “कुणीतरी चाखा रे!” एक बुटाकडे बघू लागला. दुसरा म्हणाला, “माझा गुरुवार हाय.” सकाळी माझ्यासमोर यानं चार पोळ्या हाणल्या होत्या.

“तुमीच चाखा की, साहेब,” गयाबाई म्हणाली.

त्यानं दुसरा चमचा उचलला. वरणापर्यंत नेला. चमचा परत ठेवला.

“लिही तिचं नाव,” तो पुटपुटला.

मी चाखलं, थांबलो, सही केली. तिन्ही दिवस गयाबाईनं वाढलं. चौथ्या दिवशी आम्हा दोघांना घरी बसवलं.

तो सुधारला नव्हता. घाबरला होता. मला त्याला सुधारायचंही नाही. माझ्या कोणत्या कामावाचून त्यांचं ताट हलत नाही, ते मला कळलं आहे. पुढच्या वेळी हात तिथूनच काढीन. आणि एकटा काढणार नाही.