बाजाराची पायली

ती घटना आजही आठवते, आणि आठवली की आधी माझं स्वतःचं गप्प बसणं आठवतं.

सुरतेहून बारडोलीच्या वाटेवर एक लहान बाजारगाव आहे. तिथल्या चौकीवर मी होमगार्ड होते. बायकांची झडती घेणं, आणलेल्या बाईजवळ बसणं, हे माझं काम. गावाचा मंगळवारचा बाजार फार जुना. चौकात दगडी ओटा, त्याच्या कोनाड्यात पितळेची पायली. आता सगळ्यांकडे वजनकाटे आहेत, तरी मापावरून भांडण झालं तर धान्य त्याच पायलीने मोजतात. दिवाळीला बाजार तिची पूजा करतो.

एका मंगळवारी सकाळी कोनाडा रिकामा दिसला. बाजाराचा कारभार पाहणाऱ्या मुखीकाकांनी तक्रार दिली. थोड्याच वेळात एका भाजीवाल्याने खबर आणली, की मिरची विकणाऱ्या, माझ्यासारख्याच खानदेशी मावशीच्या टोपलीत आदल्या दिवशी पितळ चमकताना पाहिलं होतं. पंचांसमोर घराची झडती झाली. पायली फडताळात, कापडात गुंडाळलेली मिळाली. पंचनामा होईपर्यंत ती माझ्या हातात होती. तळाच्या सांध्यात तांदळाचे चार दाणे आणि कुंकू अडकलं होतं. दारावरचं तोरण अजून ताजं होतं.

चौकीत मावशीला खाली बसवलं. विकायला नेलीस का, कोणाला देणार होतीस, जमादार विचारत राहिले. ती बोलेना. जमादार म्हणाले, "मिरच्या विकताना सगळा बाजार ऐकतो. इथे जीभ कुठे ठेवून आलीस?" मुखीकाकांनी बजावलं, की चोराला ओट्याजवळ जागा मिळणार नाही. ती जागा तिच्या सासूपासूनची. घर त्यावरच चालायचं.

चौकीचे फौजदारसाहेबही तिथेच होते; त्यांच्यासमोर मी सहसा बोलत नसे. दुसरा चहा आला, तेव्हा तिच्याजवळ सरकून आमच्या अहिराणीत हळूच विचारलं, "माय, घरमा नवी सून उनी का?"

ती म्हणाली, "उनी. तिना पाय लागना. आते बजारले काय सांगू?"

आमच्याकडे नवी सून उंबऱ्यावरचं तांदळाचं माप पायाने लवंडून घरात येते. मावशीकडे माप नव्हतं. दिवाळीला ती दरवर्षी खानदेशात जायची, त्यामुळे पायलीची पूजा तिने कधी पाहिली नव्हती; गावाकडे असतं तसं हेही सगळ्यांचं समजून तिने ते नेलं होतं. सून माप लवंडून आत आल्यावर शेजारीण म्हणाली, ही पायली इथे पुजतात. मग परत ठेवायला तिचा हात धजेना. पाय लागल्याचं सांगण्यापेक्षा तिला चोर म्हणवून घेणं सोपं वाटलं.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी मुखीकाकांना आत बोलावलं. काकांनी ऐकून घेतलं आणि मावशीला विचारलं, "कोणता पाय?"

"उजवा."

"मग ठेव नेऊन कोनाड्यात," काका म्हणाले. तक्रार नाही, असं त्यांनी लिहून दिलं. मावशीने पायली पदराने पुसली, ओट्यावर नेऊन ठेवली आणि मिरच्या मांडल्या.

जमादारांनी तिला चोराला विचारायचे सगळे प्रश्न विचारले, म्हणून उत्तर मिळालं नाही, हे मी तेव्हा शिकले. पण त्यांना तांदळाचा अर्थ माहीत नव्हता. मला झडतीच्या वेळीच कळला होता. तरी दुसऱ्या चहापर्यंत मी तोंड उघडलं नाही, आणि तेवढा वेळ ती बाई चोर म्हणून फरशीवर बसून होती.