नानांच्या नखांतलं ग्रीस

चाक बसवून झालं तरी नाना गाडीची चावी लगेच द्यायचे नाहीत. जॅकवर उचललेल्या चाकाशी आधी मालकाला उकिडवं बसवायचे, एक हात स्प्रिंगवर ठेवायला लावायचे, दुसऱ्याने चाक फिरवायला सांगायचे आणि म्हणायचे, "डोया झाक. आते बोटं काय सांगतस ते माले सांग." मालक डॉक्टर असो की पांढऱ्या कपड्यांतला पुढारी, सुटका नव्हती. एका वकीलसाहेबांनी "मला त्यातलं काय कळतंय" म्हणून हात मागे घेतला, तर नाना शांतपणे चहा प्यायला निघून गेले. साहेब अर्धा तास ताटकळले आणि शेवटी बाह्या सरसावून बसले.

धुळ्यात, देवपुरात, पांझरेच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर नानांची पत्र्याची शेड होती. तिथे फक्त ब्रेक आणि चाकांच्या बेअरिंगचं काम व्हायचं. इंजिनाचं दुखणं घेऊन कोणी आलं की त्याला ते समोरच्या गॅरेजचा रस्ता दाखवत. "इंजिन बंद पडनं तं घरी उशिरा पोचशी," ते म्हणायचे, "ब्रेक गया तं पोचशीच असं नही."

माझी त्यांची गाठ आबांच्या गाडीमुळे पडली. आबा म्हणजे माझे वडील. ते गेल्यावर त्यांची जुनी गाडी तीन पावसाळे अंगणात उभी होती. भंगारात द्यावी असं माझं मत, पण आईच्या डोळ्यांतलं पाणी पाहून गप्प बसलो. गाडी दोराने ओढत, टोचन करून नानांकडे नेली तेव्हा मागची दोन्ही चाकं जागची हलत नव्हती. ड्रम गंजून आतल्या लायनरला चिकटले होते. नाना लाकडी ठोकळा धरून ड्रमच्या कडेकडेने हातोडी मारत राहिले. मला वाटलं, जोरात एक घातली की निघेल. मी तसं बोललोही. नानांनी हातोडी माझ्या हातात दिली. तासभर बडवून माझे खांदे भरून आले, ड्रम होता तिथेच. मग त्यांनी पुन्हा टकटक सुरू केली आणि दुपारी तो आपसूक सुटून आला. आबांना ओळखत होते म्हणून मला हसले नाहीत, एवढंच.

नानांच्या हाताखाली कारागीर नव्हता. ब्रेकच्या नळीतली हवा काढायची असली की ते घराकडे तोंड करून हाक मारत, आणि अक्का, म्हणजे त्यांची बायको, पदराला हात पुसत ड्रायव्हरच्या जागेवर येऊन बसे. नाना चाकाखालून म्हणत, "दाब... धर... सोड." अक्का पेडल दाबे, धरी, सोडी, आणि हे चाललेलं असताना चष्मा लावून पेपर वाची. मध्येच एखादी बातमी मोठ्याने वाचून दाखवी. इतका सुखाचा संसार मी फार घरांत पाहिला नाही.

अक्काची तक्रार एकच होती. नाना बेअरिंगमध्ये ग्रीस तळहातानेच भरत, दाबून दाबून, आणि ते काळं नखांत कायमचं बसलेलं असे. दिवाळीच्या अंघोळीला ती त्यांची बोटं घासलेटाने, राखेने, नारळाच्या शेंडीने घासे. "नवरा नको, पन हे काळं तेवढं निघो," असं शेजारणींना सांगे. नाना दोन्ही हात पुढे करून गुमान बसत.

एकदा मी शेडमध्ये असताना नानांनी नुकत्याच फिरवून आणलेल्या गाडीचा ड्रम हाताने धरला. ब्रेक घासत असल्यामुळे तो चांगलाच तापला होता. मला वास आला, मी ओरडलो. नानांनी हात पाहिला, तेव्हा तळव्यावर फोड उठले होते. "लागलं नाही?" मी विचारलं. ते खाली बघून म्हणाले, "शुगर शे. दोन वरीस झाले, बोटं झोपी गयात. अक्काले सांगजो नको, दुकान बंद करी टाकी ती." मग माझ्या लक्षात आलं. आधी ते स्वतः चाक फिरवून खात्री करत आणि नंतर आम्हाला हात लावायला सांगत. अलीकडे आम्ही फिरवत असताना ते आमच्या चेहऱ्याकडे बघत बसायचे. त्यांचं दुकान आता आमच्या बोटांवर चाललं होतं, आणि हे गावात फक्त मला माहीत होतं.

हे माहीत असूनही मी जे केलं ते सांगतो.

जळगावला भाचीचा साखरपुडा होता. नानांनी आबांच्या गाडीचं पुढचं बेअरिंग घासलेटात धुऊन, चष्म्यातून न्याहाळून, ग्रीस भरून बसवलं होतं. आई आणि बायको नटूनथटून रस्त्यावर उभ्या होत्या. मी डोळे मिटून चाक फिरवलं. एका फेऱ्यात एकदा, भातात खडा लागावा तशी बारीक खरखर बोटांना लागली. सांगितलं तर सगळं उघडावं लागणार, बाजारातून नवं बेअरिंग आणावं लागणार, साखरपुडा हुकणार.

"एकदम मऊ, नाना," मी म्हणालो.

"खरं?"

"खरं."

पारोळा ओलांडल्यावर चाक किंचाळायला लागलं. एरंडोल यायच्या आत ते डगमगलं, धूर आला आणि गाडी कशीबशी कडेला थांबली. कोणाला खरचटलंही नाही. फोन केल्यावर नाना एस.टी.ने हत्यारांची पिशवी घेऊन आले. चाक उघडलं, बेअरिंगमधला फुटलेला रोलर हातावर घेऊन बराच वेळ पाहत राहिले. मग उठून निंबाखाली बसलेल्या माझ्या आईपुढे गेले आणि हात जोडून म्हणाले, "वहिनी, माफ करजा. मना हातनी चूक शे."

मी तिथेच उभा होतो. तोंड उघडून दोन शब्द बोललो असतो तरी पुरलं असतं. मला ते जमलं नाही, आणि त्याची लाज मला अजून वाटते.

आठवड्यानंतर शेडला कुलूप दिसलं. मी त्यांच्या घरी गेलो आणि अक्कासमोरच सगळं सांगून टाकलं. खरखर लागली होती, घाई होती, मी खोटं बोललो. आता तरी कुलूप काढा, म्हणून पाया पडलो. नानांनी मला खांद्याला धरून उठवलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

"तू खोटं बोलना ते जाऊ दे," ते म्हणाले. "ती खरखर माले धरता उनी नही. मंग हाऊ हात काय कामना?"

त्यानंतर शेड उघडलीच नाही, ग्रीसच्या डब्याला नानांचा हात लागला नाही; ते ओट्यावर बसून असत. येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांचे ब्रेक लागले की मान वळवून बघत. मी रविवारी जायचो. इकडचं तिकडचं बोलायचो, गाडीचा विषय दोघेही टाळायचो.

दुसऱ्या वर्षी नाना गेले. मी पोहोचलो तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं, हात छातीवर होते. गर्दीतून वाट काढून मी पायाशी बसलो. अक्काने मला पाहिलं, नानांचा उजवा हात जरा उचलून माझ्यापुढे धरला आणि हळूच म्हणाली, "देख भाऊ. निघनं बठ्ठं काळं."

नखं पांढरीस्वच्छ होती. ती कशाने स्वच्छ झाली हे मला माहीत होतं, आणि अक्कालाही.