संकासुराचा आसूड

बापूकाका गेल्याचा निरोप मिरकरवाडा बंदरातून आला, तेव्हा मी परीक्षेचा अभ्यास करत होते. बर्फाच्या कारखान्यात लादी उचलताना ते खाली बसले आणि उठलेच नाहीत... त्याला आता दीड महिना झाला. मी रडले नाही. माणसांसमोर मला रडता येत नाही.

काकाही अबोल. पण शिमग्याला गावी गेले की घरोघर फिरणाऱ्या नमन-खेळ्यांत ते संकासुर होत. काळा झगा, उंच टोपी, तागाची पांढरी दाढी, कमरेला घुंगरं, हातात दोराचा आसूड. माझ्या इंग्रजी शाळेतल्या गोष्टींत राक्षस मरण्यापुरताच येई आणि देवी त्याच्या छातीवर पाय देऊन उभी राही. गावात मात्र बायका या राक्षसालाच नवस बोलत, त्याच्या मांडीवर तान्ही मुलं ठेवत. "हा कसला राक्षस?" मी एकदा विचारलं. काका म्हणाले, "घरातली पीडा झोडून काढायला देव कशाला हात मळवील गो? त्याला आम्ही."

पीडा शांताआत्याच्या घरात होती. आत्या त्यांची धाकटी बहीण, गावातच दिलेली. नवरा तिला मारायचा, हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. मी नववीत असताना खेळे दुपारी तिच्या अंगणात आले. रिवाजाप्रमाणे घरधनी म्हणून तिचा नवरा पाठ वाकवून उभा राहिला. संकासुराने एक हलका फटका द्यायचा, की वर्षाची पीडा गेली. पहिला फटका बसला. मग दुसरा. मग थांबेनातच. सदरा फाटला, पाठीवर रक्ताच्या रेघा उठल्या, तो ओरडत तुळशीपाशी कोसळला. "आज संकासुर भरात आलाय रे!" म्हणत लोक हसत होते. ढोलकीवाला प्रत्येक फटक्याला ठेका देत होता... दारातली आत्या तेवढी हसत नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्याकडे आली. एक डोळा सुजून मिटलेला, ओठ फाटलेला. "दादा, तुझे फटके त्याने रात्री माझ्या अंगावर फेडले." काका भिंतीला टेकून खाली बसले. तेवढ्यात नवरा तिला न्यायला आला. त्याने तिचे केस धरले. तिने खुंटीवरचा आसूड ओढला. काका उठू लागले, तर म्हणाली, "तू बस." तिने तोंडावरच मारलं, पुन्हा पुन्हा. या वेळी ढोलकी नव्हती, नुसता दोराचा आवाज. तो रांगत अंगणाबाहेर गेला. पुन्हा कधी आला नाही; आत्या आमच्याकडेच राहिली. पायरीवर रक्त होतं. सुटलेल्या केसांनी धापा टाकत उभ्या आत्याची मला भीती वाटली. शाळेच्या पुस्तकातली देवी अशी घामाने निथळत नव्हती.

काकांनी त्यानंतर सोंग घेतलं नाही. "देवाच्या खेळात मी माझा राग नेला. भोगलं तिने," एवढंच म्हणाले.

काकांच्या बाराव्याला गावातली मंडळी सोंगाचं सामान मागायला आली. आत्या म्हणाली, "झगा न्या, टोपी न्या. आसूड नवीन वळा."

तो अजून त्याच खुंटीवर आहे. परवा आत्या विहिरीवर गेल्यावर मी तो काढून हातात घेतला. धरून धरून मूठ काळी, गुळगुळीत झाली आहे. काकांच्या बोटांच्या खाचा माझ्या बोटांना मोठ्या होतात... घरात कोणी नव्हतं. मी तशीच उभी राहून रडले.