चवळीखाऊ पंतप्रधान

सेगू शहरात नदीच्या धक्क्याजवळ न्यागाले कोने बाजरीचे वडे तळते, आणि तिच्या तेलापेक्षा तिच्या जिभेचा चटका मोठा. त्यातून गिऱ्हाईक आडनावानं देंबेले निघालं, तर विचारूच नका! कोने आणि देंबेले या दोन कुळांत आजे-पणज्यांपासून थट्टेचं नातं. पोटात वारा धरणारा म्हणून एकमेकांना चवळीखाऊ म्हणायचं, गुलाम म्हणायचं, आणि समोरच्यानं रागवायचं नाही. जो रागावला तो परका झाला.

हा हक्क तिनं सगळ्यात जास्त वसूल केला तो झुमाना देंबेलेकडून. दोघं एकाच गल्लीत वाढलेली. तो शाळामास्तर झाला तेव्हा ती भर बाजारात ओरडली, "आता हा पोरांना पाढे सोडून चवळी शिजवायला शिकवणार!" निवडून आला तेव्हा म्हणाली, "चवळीच्या पोत्याला मतं पडली रे!"

तोही काही कमी नव्हता. "माझ्या गुलामांना मतदानाची परवानगी मीच दिली होती," म्हणायचा आणि तिच्या परातीतला वडा फुकट उचलायचा. मंत्री झाला तरी सेगूत आला की त्याची गाडी आधी तिच्या चुलीपाशी थांबायची.

मग झुमाना पंतप्रधान झाला. नव्या पुलाची जागा बघायला परदेशी पाहुणे घेऊन आला, आणि तसाच तडक चुलीपाशी. न्यागालेच्या ओठांवर शिवी तयार होती. पण ते कोट घातलेले पाहुणे बघून तिला वाटलं, यांना आपलं नातं काय कळणार? परक्यांदेखत ह्याची अब्रू कशाला घालवा?

तिनं गुडघा वाकवला, नजर खाली घातली. "साहेब, आपण आलात, आमचं भाग्य."

झुमानानं विचारलं, "न्यागाले, बरी आहेस ना?"

"आपल्या कृपेनं, साहेब."

वडा न उचलताच तो गाडीत बसला. मोठा मान दिला अशा थाटात ती दुपारपर्यंत तळत राहिली. परात आवरताना मात्र आपण काय करून बसलो ते तिच्या ध्यानात आलं, आणि तिला स्वतःचीच चीड आली. मेली जीभ, एरवी आवरत नाही, नेमकी तेव्हाच शहाणी झाली!

त्यानंतर गाडी थांबली नाही. पुढे राजधानीत सैनिकांनी सरकार उलथवलं, झुमानाला काही महिने कोंडून ठेवलं, आणि मग तो सेगूच्या घरी परतला. लोक भेटायला जात, सुतकातल्यासारखे हळू बोलत, आणि लवकर उठत. हळूहळू तेही बंद झाले.

न्यागालेचा पाय उचलेना. पडलेल्या माणसाला चवळीखाऊ म्हणणं ही थट्टा, की लाथ? तो रागावला तर जन्माचं नातं तुटणार. आणि पुन्हा 'साहेब' म्हटलं, तरी तुटणारच. शेवटी तिनं भांडंभर चवळी शिजवली, डोक्यावर घेतली आणि त्याच्या अंगणात जाऊन उभी राहिली.

"अरे ए चवळीखाऊ! खुर्चीवरून ढकललं म्हणे तुला? एवढी चवळी खाल्ल्यावर शेजारी कोण बसवून घेईल?"

आतून त्याची बायको घाबरून धावत आली. आंब्याखाली बसलेला झुमाना मान वर करीना.

मग तो सावकाश म्हणाला, "गुलाम असून इतका उशीर? मालक परत येऊन किती दिवस झाले!"

ती मटकन खाली बसली. हसता हसता तिचे डोळे वाहायला लागले. "मला वाटलं, तू रागावशील."

"रागावलो होतो ना. पुलाच्या वेळी," तो भांडं पुढे ओढत म्हणाला. "सरकार नंतर पडलं गं. तू गुडघा वाकवलास ना, त्याच दिवशी मला कळलं, आता आपलं म्हणायला कोणी उरलं नाही."

न्यागालेनं डोळे पुसले आणि त्याच्या हातातलं भांडं हिसकावलं. "आधी हात धू, चवळीखाऊ!"