पोथीचा वास

शामला पुस्तक आधी हुंगते, मग उघडते. नायमेखन या आमच्या डच गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानातला म्हातारा तिच्यासाठी पितळी कड्यांचं जुनं डच बायबल मुद्दाम काउंटरखालून काढायचा, आणि ही डोळे मिटून त्यात नाक खुपसून उभी! एकदा मी म्हटलं, "अगं, विकत घे नाहीतर लग्न लाव त्याच्याशी, पण लोकांसमोर असलं नको." तिने विकत घेतलं. डच जेमतेम येत असताना. ते आता तिच्या देव्हाऱ्यात असतं, सासूबाईंच्या पोथीला चिकटून. "देवाचंच पुस्तक आहे ना?" म्हणाली. रांगत्या बाळकृष्णाने हरकत घेतलेली मला तरी दिसली नाही.

पोथी म्हणजे सुटी पानं, वर-खाली लाकडी फळ्या, लाल फडकं. या असल्या जुन्या कागदांवर शामला लेख लिहिते, इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात आणि पुण्याच्या एका मासिकात. नवरा चिप बनवणाऱ्या कंपनीत आणि बायको शंभर वर्षं मागे. मी त्यांची शेजारीण, मधली भिंत सामाईक. तिच्या कुकरच्या शिट्ट्या ऐकून मी माझा गॅस बंद करते, इतकी पातळ भिंत.

दोन हजार वीसच्या मार्चमध्ये तिचा नवरा विश्वास वडिलांच्या ऑपरेशनसाठी मिरजेला गेला आणि कोरोनामुळे विमानं बंद झाली. लायब्ररी बंद होणार कळल्यावर ही सायकलला दोन पिशव्या अडकवून धावली. तिथे ही गर्दी! पुस्तकं घरी आणली आणि मग घाबरली. एकेक कव्हर सॅनिटायझरने पुसलं. त्या झपाट्यात पोथीच्या फळ्याही पुसल्या.

काही दिवसांनी मागच्या बागेत, कुंपणापलीकडून मला हाक मारली. चेहरा पांढराफटक.

"विशाखा, माझ्या हातून फार वाईट झालं गं."

"कुणाचा खून केलास? आधी सांगायचं, मी खड्डा खणला असता."

"चेष्टा नको. सॅनिटायझरमध्ये अल्कोहोल असतं ना?"

"असतंच की."

"म्हणजे मी पोथीला दारू लावली. तिचा वास गेला, विशाखा. चंदन, बुक्का, जुना कागद, काही म्हणजे काही येत नाही. पोथी मुकी झाल्यासारखी वाटते. देव उठून गेला तिच्यातून."

मी हसले. "देव या दिवसांत कुठे जाणार बाई? सगळ्या सीमा बंद आहेत."

ती हसली नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे भिंतीतून वाचन सुरू झालं. प्रायश्चित्त म्हणून सप्ताह धरला होता तिने. सात दिवसांत पोथी संपवायची, मध्ये खंड पडू द्यायचा नाही.

तिचं वाचन सुरेख. अख्खी ओवी एका श्वासात, शेवटच्या चरणाला हलकासा झोका. मी पलीकडे कणीक मळत ऐकायची. मग एके सकाळी ओवी मधेच थांबली. खोकला. पुढचा चरण. पुन्हा थांबली. दुसऱ्या दिवशी प्रत्येक चरणाला श्वास घेत होती. त्याच्या पुढच्या दिवशी शब्दाशब्दाला. माझे हात कणकेतच राहिले. आदल्या संध्याकाळीच बातमीत ऐकलं होतं, या रोगात नाकाला वास येईनासा होतो म्हणून.

मी मिसळणाच्या डब्यातली हिंगाची डबी उचलली आणि कुंपणाशी गेले. डबी काठीच्या टोकाला बांधून पलीकडे सरकवली.

"डोळे मीट. उघडून हुंग. काय आहे?"

शाल गुंडाळून उभी होती ती. तिने डबी अगदी नाकाशी धरली.

"रिकामी आहे," म्हणाली.

मला कुंपणाच्या अलीकडेही त्या हिंगाने शिंक येत होती.

"डोळे उघड, शामला."

तिने उघडले. हिंग पाहिला. मग माझ्याकडे पाहिलं.

"पोथीचा वास कुठेही गेलेला नाही. तुझं नाक गेलंय. डॉक्टरला फोन कर, आत्ता."

"आणि ते मला... घेऊन गेले... तर? सप्ताह मोडेल."

"तू मेलीस तर मोडणार नाही का?"

हे बोलायला नको होतं. ती बागेतल्या खुर्चीवर मटकन बसली आणि रडायला लागली, पण रडायलाही श्वास पुरेना. मला कुंपण ओलांडून तिला धरता येत नव्हतं. मी नुसती उभी.

"तू वाचशील?" तिने विचारलं. "तरच करते फोन."

मी! चातुर्मासातही कांदा न सोडणारी, आरतीला मागे उभी राहून चिमटे काढणारी. "वाचीन," म्हटलं.

इथले डॉक्टर एरवी मोडलेल्या पायालाही पॅरासिटमॉल सांगतात. त्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी फोनवर तिला फक्त एक पूर्ण वाक्य बोलायला लावलं. ते तिला जमलं नाही. ॲम्ब्युलन्स आली, त्यातून नखशिखांत प्लास्टिकमधली दोन माणसं उतरली. जाताना तिने कुंपणावर पोथी ठेवली, थांबलेल्या पानात तुळशीचं पान घालून. ती उचलायला मी भांडी घासायचे पिवळे हातमोजे घातले. आशुतोष, माझा नवरा, दारातून म्हणाला, "आणू नको ती घरात." मी आणली.

त्या रात्रभर विश्वास मिरजेहून फोन करत होता. काय सांगणार? सकाळी मी शामलाला फोन लावला, तो हॉस्पिटलच्या नर्सने उचलला आणि तिच्या उशीशी ठेवून दिला. शामलाच्या तोंडावर मास्क होता, बोलायची शक्ती नव्हती, असं नर्स म्हणाली. मी पिवळ्या हातमोज्यांनी पान धरलं आणि वाचायला लागले. पलीकडून फक्त ऑक्सिजनचा फुस्स, फुस्स आवाज. अध्याय संपला. दुसरा सुरू केला. फुस्स, फुस्स. ती ऐकतेय की नाही? आहे की नाही? विचारायची हिंमत होईना, आणि विचारलं असतं तरी उत्तर कोण देणार होतं?

ओवीत ऋषी येत होते, अंगी भस्म लावोनिया. मी मुद्दाम मोठ्याने वाचलं, "अंगी भजी लावोनिया."

काही नाही. फुस्स, फुस्स.

आजवर मानला नव्हता त्या देवाची मी क्षमा मागितली आणि पुन्हा वाचलं, आणखी मोठ्याने. "अंगी भजी लावोनिया."

फोनमध्ये काहीतरी घासलं. प्लास्टिक सरकल्यासारखं. मग बऱ्याच वेळाने, मास्कच्या आतून, दोन श्वासांत तोडलेला आवाज आला.

"भस्म... गाढवे."

मी हातमोज्यांनीच डोळे पुसले आणि ती ओवी नीट वाचली.