दादाच्या भुवईवरचा वण

सेहेचाळीस सालचा उन्हाळा, शिंदखेड्याजवळचं आमचं गाव, आणि दारात पोलीस... आज पंच्याण्णवाव्या वर्षी देवपूरच्या घरात बसून फोनमध्ये बोलून हे लिहितेय, तरी ते दार डोळ्यांपुढून हलत नाही.

झालं होतं असं, की माझ्या थोरल्या भावाला, दादाला, सरकारी स्कॉलरशिप मिळाली होती. अमेरिकेत जाऊन कापसाच्या बियाण्याचं शास्त्र शिकायचं, बोटीच्या तिकिटासकट सगळा खर्च सरकारचा. पासपोर्टसाठी पोलिसांची चौकशी तेवढी बाकी होती... आणि सगळं तिथेच अडणार होतं.

कारण दादा बेचाळीसच्या चळवळीत होता. मोर्चात झेंडा घेऊन पुढे गेला आणि एका लाठीने त्याची डावी भुवई फाटली. गर्दीतून निसटला म्हणून पोलिसांच्या कागदात नाव आलं नाही, पण लाठी कोणाची होती हे आम्हाला पक्कं माहीत होतं.

चौकशीला नेमके ते लाठीवाले पोलीस जमादारच आले!

वडील, आमचे आबा, शेतात गेलेले. आईने घोंगडी अंथरली, पाणी दिलं. मी पंधरा वर्षांची, दाराआड उभी... दादा दोन्ही हात मांडीखाली दाबून बसला होता.

जमादार एकेक रकाना भरत गेले. नाव, वय, शाळा, जमीन. मग मान वर करून दादाच्या तोंडाकडे बघत राहिले.

"ओळखीची खूण... भुवईवर वण. कशाना शे हा?" त्यांनी कारण विचारलं.

मला राहवेना, मी पुढे होऊन लहानपणी झाडावरून पडल्याचं ठोकून दिलं, "धाकला व्हता तवय पडना, आंगनमानी चिंचवरतीन."

आणि आमची आई! जन्मात खोटं न बोललेली बाई. "खोटं नको बोलू, पोरी," म्हणाली. मग थेट जमादारांकडे बघून, "कशाना शे, ते तुमले ठाऊक शे."

संपलं, मला वाटलं. आईचा असा राग आला की काय सांगू... सख्ख्या आईने पोराच्या पायावर धोंडा घातला होता. आता अमेरिका राहिली बाजूला, दादाला बेड्या पडतात की काय, याचीच धास्ती.

जमादारांनी टाक दौतीत बुडवला आणि तसाच धरून ठेवला. कागदावर शाईचा एक ठिपका पडला. मग आईकडे न बघता त्यांनी मला विचारलं, "झाड कोनतं, पोरी?"

"चिंच..." मी पुन्हा तेच सांगितलं.

त्यांनी लिहिलं. खाली सही केली, कागद घडी करून खिशात घातला. निघताना दादाजवळ थांबले आणि हळूच विचारलं, "आजून दुखस का रे?" दादाने नुसती मान हलवली... नाही.

दादा गेला, शिकला, दोन वर्षांनी स्वतंत्र देशात परत आला. घरी यायच्या आधी जमादारांना भेटून आला. दोघं काय बोलले, ते मात्र त्याने शेवटपर्यंत सांगितलं नाही.

एक सांगायचं राहिलंच... आमच्या अंगणात चिंच नव्हतीच. एकच झाड होतं, कडुनिंबाचं, आणि जमादारांनी येताना आपली सायकल त्यालाच टेकवली होती.

जमादारसाहेब, तेव्हा भीतीने आभार मानायचे राहून गेले... तुमचे फार उपकार आहेत आमच्यावर.